घाटाकडे पाठ, माळाकडे तोंड

रविवारी पहाटे पुण्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या बहुतेक पश्चिमेला वळतात. मुळशी, ताम्हिणी, लोणावळा. पावसाळ्यात तर चांदणी चौकापासूनच रांग लागते. डोंगर, धबधबे, धुकं यांची ओढ कोणाला नसते? पण ज्यांना एका दिवसात जाऊन येऊन प्राणी आणि पक्षी डोळे भरून पाहायचे आहेत, त्यांनी घाटाकडे पाठ करून सोलापूर रस्त्याला लागावं, असं मला मनापासून वाटतं. घाटातल्या दाट झाडीत जनावर असतं, पण दिसत नाही. भीमाशंकरला दिवसभर हिंडून एक शेकरू दिसला तरी माणूस समाधानानं परततो. पूर्वेच्या माळावर नजर अडत नाही. दूरवर चरणारा चिंकारा दिसतो, गवतालगत उडणारा भोवत्या दिसतो, आणि योग असेल तर लांडगाही दिसतो.

यामागे पावसाचा हिशेब आहे. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पुण्यात येईपर्यंत तो सातशेच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापूरच्या माळावर पाचशेच्या घरात. एवढ्याशा पावसावर, मुरमाड आणि उथळ जमिनीत, दाट जंगल उभं राहत नाही. तिथे गवत राहतं: कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनच एखादी हिवर, बोर किंवा बाभूळ. हे तोडून उजाड झालेलं जंगल आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. दख्खनचा माळ असाच असतो आणि इथले प्राणी या उघडेपणावरच जगायला घडले आहेत. ब्रिटिश काळापासून सरकारी दफ्तरात मात्र अशा जमिनींची नोंद पडीक म्हणून झाली. त्यामुळे माळ दिसला की तिथे झाडं लावायची, नाहीतर खाण किंवा कारखाना काढायचा, हेच वर्षानुवर्षं चालत आलं. चांगल्या हेतूनं गवतात लावलेल्या गिरिपुष्पाच्या रोपांनीही माळाचं नुकसान केलं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथे तो दिसणं दुरापास्त आहे. तेव्हा या वाटेनं जाताना आपण उरलेलं पाहायला चाललो आहोत, याची जाणीव असलेली बरी.

या वाटेवरची पहिली जागा शहराच्या वेशीवरच आहे. हडपसर मागे पडलं की लोणी काळभोरच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला मुळा-मुठेवर कवडीपाट आहे. तिथल्या जुन्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शेकाटे, धोबी आणि नदी सुरय अगदी जवळून दिसतात. पण तिथे जाऊन आलेला माणूस आधी सांगतो तो वास आणि फेस. पुण्याचं सांडपाणी घेऊन आलेली नदी बंधाऱ्यावरून पडते, तेव्हा पांढरा फेस उठतो आणि झुडपांना प्लॅस्टिकच्या चिंध्या लटकलेल्या असतात. मग पक्षी का येतात? सांडपाण्यातल्या सेंद्रिय गाळात अळ्या आणि किडे पोसतात, आणि त्यावर चालणाऱ्या काटक जातींना तिथे खाणं मिळतं. बाकीच्या जाती निघून जातात. पक्षी भरपूर दिसले म्हणजे नदी धडधाकट, असा अर्थ तिथे कोणी काढू नये. भिगवणला जाण्याआधी एखाद्या सकाळी, उजेडात, मुलांना घेऊन अर्धा तास तरी इथे थांबून यावं, कारण हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, दौंडवरून वाहत उजनीच्या फुगवट्यात शिरतं, आणि आपण फ्लेमिंगो पाहायला जातो ते त्याच पाण्यावर.

पुण्यापासून भिगवण साधारण शंभर किलोमीटर. उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ अशी गावं घेत सरळ रस्ता जातो. जानेवारीत सूर्य सात वाजता वर येतो, म्हणून साडेचारला घर सोडलं तर उजाडायला आपण भिगवणजवळच्या कुंभारगावला, उजनीच्या काठावर असतो. उशीर करण्यात अर्थ नाही. दहाच्या पुढे वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात, ऊन चकाकायला लागतं आणि दुर्बिणीतून सगळं थरथरतं दिसतं.

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. साठवण क्षमता ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. हे आकडे पक्षी पाहणाऱ्यानंही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. फ्लेमिंगो अर्थात रोहित हा उथळ पाण्यातला पक्षी. पाय टेकतील आणि चोच तळाच्या चिखलात पोचेल, एवढंच पाणी त्याला हवं. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलेल्यांना पाणीच पाणी दिसतं आणि ते निराश होऊन परततात. पुढे रब्बीसाठी आणि उसासाठी कालव्यांतून पाणी सुटतं, पातळी उतरू लागते, कडेची गाळपेर जमीन उघडी पडते आणि पक्ष्यांचं ताट वाढलं जातं. त्यामुळे जानेवारी ते मार्च हा सर्वांत चांगला काळ. निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी पाहून घ्यावी. थव्यांचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. टंचाईच्या वर्षी धरण उणे पातळीत जातं तेव्हा पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. ते पाहायलाही गर्दी होते. त्या देखण्या दगडी कामाभोवती एक अख्खं गाव होतं, हे तिथे उभं राहिलं की विसरता येत नाही.

रोहित खातो कसा, हे दुर्बीण स्थिर धरून पाहावं. मान खाली घालून तो चोच उलटी करतो, वरची बाजू खाली. पायांनी चिखल ढवळतो. जाड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून गाळून बाहेर जातं. आत राहतं शेवाळ, अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव. पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. थव्यात राखाडी-तपकिरी पक्षी दिसले तर ती वेगळी जात समजू नये. ती पिल्लं आहेत, त्यांचा रंग भरायला काही वर्षं लागतात. आपल्याकडे या पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

रोहितांच्या नादात बाकीचं पाहायचं राहू नये. पट्टकादंब तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या हिरवळीत शांतपणे चरत असतात. चित्रबलाक, चमचे, मोर शराटी, आणि हवेत एका जागी पंख मारत थांबून अचानक पाण्यात झेपावणारा कैकर. मला स्वतःला नदी सुरय फार आवडतो. पाण्यावरून इतक्या हलक्या अंगानं जाणारा दुसरा पक्षी मला ठाऊक नाही.

होडीत बसायचं तर दोन गोष्टी नावाड्याला आधीच सांगाव्यात. थवा दिसला की इंजिन बंद करून काठीनं होडी पुढे न्यायची, आणि पक्ष्यांनी खाणं थांबवलं की तिथेच थांबायचं. रोहितांनी माना वर काढल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की आपण नको तेवढे जवळ आलो, हे समजावं. छायाचित्रात उडणारा थवा छान दिसतो म्हणून त्यांना मुद्दाम उडायला लावणारे लोक आहेत. परतीच्या प्रवासासाठी पक्ष्यांनी साठवलेली चरबी अशा उडण्यात जळते. कुंभारगाव आणि डिकसळचे नावाडी मुळात मासेमार. त्यांना पक्ष्यांच्या रोजच्या जागा ठाऊक असतात आणि गिऱ्हाईकानं आग्रह धरला नाही तर ते स्वतःहून अंतर राखतात. लाइफ जॅकेट मात्र घातलंच पाहिजे. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याला फार मोठा पसारा आहे.

दुपारचं जेवण भिगवणला, आणि तिथे माशाचं ताट सोडून दुसरं काही मागवण्यात मजा नाही. बहुतेकदा ती चिलापी असते. ही बाहेरून आलेली जात. शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांनी वाढलेल्या शेवाळावर ती झपाट्यानं पसरली आणि इथल्या स्थानिक माशांची जागा तिनं बऱ्याच अंशी घेतली. काठावरची जलपर्णीही त्याच पाण्यावर माजते. कवडीपाटला पाहिलेला फेस असा ताटापर्यंत येऊन पोचतो. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सांडपाणी पुरतं शुद्ध झालं, तर त्याचा पहिला फायदा या जलाशयाला होईल. मत मागायला आलेल्या नगरसेवकाला रस्त्यातल्या खड्ड्यांबरोबर हाही प्रश्न विचारायला हवा.

तीनच्या सुमारास भिगवणहून बारामतीमार्गे मोरगावकडे निघावं. मोरगाव अष्टविनायकातलं, त्यामुळे रस्ता ओळखीचा असतो. पण मयूरेश्वराचं दर्शन घेऊन परतणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की याच देवाच्या नावाचं अभयारण्य जवळच, सुप्याला आहे? मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी हे एक, आणि गवत राखलं की काय होतं हे पाहायचं तर याच्यासारखी जागा नाही.

इथला राजा चिंकारा. वीसेक किलोचं सडपातळ अंग, वाळल्या गवतात मिसळून जाणारा रंग, आणि सारखी हलणारी काळी शेपटी. आधी ही शेपटीच दिसते. शिंगं नराला आणि मादीला दोघांनाही असतात. मादीची बारीक आणि सरळ. पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो कित्येक दिवस पाण्यावाचून काढू शकतो. धोका वाटला की नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढून पाय आपटतो आणि मग निघतो, पण थोडं पळून थांबतो आणि मागे वळून पाहतो. पाहणाऱ्याला खरी संधी त्या क्षणी मिळते.

इथे गाडी फार उपयोगी पडते. उभ्या माणसाची आकृती ओळखून जनावर दुरूनच पळतं. थांबलेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीकडे मात्र ते थोड्या वेळानं दुर्लक्ष करू लागतं. म्हणून गाडीतून उतरू नये, काच अर्धी खाली करून, हात आत ठेवून, वीस मिनिटं बसून राहावं. लहान मुलांना हे जड जातं, पण पाच-दहा मिनिटांनी माळ हलायला लागला की तीच आधी बोट दाखवतात. डोंबारी चंडोल सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. खाटीक बाभळीच्या काट्यावर नाकतोडा टोचून ठेवतो. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये संध्याकाळी गवतालगत उडत फिरतात. टोळ-नाकतोड्यांवर त्यांचा डोळा असतो. माळटिटवी आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची, डोळ्यांसमोर असूनही न दिसणारी. यामुळेच गाडी आखलेल्या वाटेवरून एक फूटही बाहेर काढू नये. गवतात उमटलेली चाकोरी पुढचे पावसाळे पुसत नाहीत, आणि एकाची चाकोरी पाहून दुसरा तिच्यावरून जातो.

लांडग्यासाठी वेगळा दिवस राखावा. वनखात्यानं अलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिरसुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. आधी नोंदणी करावी लागते आणि बरोबर स्थानिक मार्गदर्शक असतो. आपली गाडी घेऊन लांडग्याच्या मागे माळ तुडवण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं, आणि पैसे गावात राहतात. माळावरचा लांडगा बराचसा शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. म्हणजे तो टिकला आहे तो धनगरांच्या सोसण्यावर. कोकरू गेलं तरी विष न घालणाऱ्या त्या माणसांचं मोल आपण ओळखलं पाहिजे. सरकारी भरपाई आहे, पण ती वेळेवर आणि विनासायास हातात पडली तरच तिचा उपयोग. वाटेत धनगरांचा वाडा दिसला तर कळप जाईपर्यंत गाडी बंद करून थांबावं, राम राम घालावा. माळावर काय दिसलं, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

लांडग्याला आज मोठा धोका आहे तो गावकुत्र्यांचा. कुत्र्यांकडून त्याला रोग लागतात, आणि संकरही होतो. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्र्याचा संकर २०२३ मध्ये जनुकीय तपासणीनं सिद्ध झाला. कुत्री माळावर वाढतात ती फेकलेल्या अन्नावर. सहलीला येणाऱ्यांनी झुडपाखाली टाकलेले बिर्याणीचे डबे, पोल्ट्रीवाल्यांनी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, असं सगळं त्यात येतं. कचऱ्याची पिशवी गाडीत परत आणणं हे इथे स्वच्छतेपुरतं राहत नाही.

सूर्य मावळायच्या आत अभयारण्यातून बाहेर पडावं आणि सुपे-चौफुला रस्त्यानं हमरस्ता गाठावा. अंधार पडताच या भागात खोकड, तरस, ससे रस्ता ओलांडू लागतात. प्रखर दिव्यात ते गोंधळून जागीच थांबतात आणि चाकाखाली जातात. चौफुल्यापर्यंत दिवे खाली ठेवावेत आणि काटा चाळीसच्या वर जाऊ देऊ नये. पुण्याला पोचायला त्यानं फार तर पंधरा मिनिटं उशीर होतो.