शिकताना गाडी ठोकली, तर भुर्दंड कोणाला?

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी मोटार शिकायचं मनावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "शीक गं, पण जपून." आणि चौथ्याच दिवशी गाडी मागे घेताना मी ती आमच्या सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर घातली! मागचा दिवा फुटला, बंपर चेपला. शेजारी बसलेले मास्तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, अडीच हजार भरावे लागतील." मी इतकी ओशाळले होते, की शिकवणीच्या पगारातून मुकाट्याने पैसे मोजून दिले.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, एक ब्रेक त्यांच्याही पायाखाली होता ना?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली!

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी नियंत्रण लागतं. का? तर शिकणारी चुकणार, हे धरूनच! गाडी त्यांची, विमा त्यांचा, मास्तरही त्यांचेच. मग सगळा भुर्दंड आपल्यालाच का? दुसऱ्या दिवशी पावती घेऊन गेले. नुकसानभरपाईची अट तीत कुठेच नव्हती. मालकांनी कुरकुर करत निम्मे पैसे फीत वळते केले. म्हणून फी भरण्याआधीच विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

घरच्या गाडीवर शिकत असाल, तर मात्र नुकसान आपलंच. तिथे एवढं सांभाळा :

• सहा महिने चालणारं शिकाऊ लायसन्स आधी काढा. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. यात कसूर झाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते.
• सक्तीचा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते.
• किरकोळ ओरखड्यासाठी दावा करू नका. सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते, शिवाय 'नो क्लेम बोनस' जातो तो वेगळाच.

काही बिघडलं, की आपल्या तोंडून आधी "माझंच चुकलं" निघतं. चूक जरूर कबूल करावी; पण दुसऱ्याची जबाबदारी डोक्यावर घेऊ नये.

आता मी रोज गाडी नेते. तो खांब दिसला, की पाय मात्र अजून आपोआप ब्रेकवर जातो!