गर्दीत मी, फोनमध्ये बाप्पा

‘दिसला का, दिसला का?’ त्या संध्याकाळी हा प्रश्न मी किमान वीस वेळा ऐकला असेल. लालबागमधल्या एका मोठ्या मंडळाचं आगमन होतं आणि मी भारतमाता सिनेमाजवळ डिव्हायडरला टेकून तीन तास उभी होते. चपलेचा बंद तुटलेला, ओढणी कुणाच्या तरी बॅगेत अडकलेली. शेवटी ढोल-ताशा जवळ आला, आरडाओरडा झाला आणि एकाच वेळी शेकडो हात वर गेले. प्रत्येक हातात फोन. बाप्पा माझ्यापासून पन्नासेक फुटांवरून गेला. मी त्याला पाहिलं ते पुढच्या उंच मुलाच्या स्क्रीनवर, तेही त्याने झूम केलं म्हणून.

घरी पोहोचले तर आजी खुशीत. ‘काय सुंदर मुखडा आहे गं या वर्षी! आणि ती फुलं उधळली ना, अंगावर काटा आला.’ फुलं? मला फुलं दिसलीच नव्हती. आजीने सोफ्यावर बसून, चहा पीत, ड्रोनच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं.

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक जुना अभ्यास होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले. त्या रात्री तो आठवला. 1951 सालची गोष्ट. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पदावरून काढलेला जनरल मॅकार्थर अमेरिकेत परतला होता आणि 26 एप्रिलला शिकागोत त्याची मिरवणूक निघाली. कर्ट आणि ग्लॅडिस लँग हे समाजशास्त्रज्ञ जोडपं तेव्हा तिथे होतं. त्यांनी 31 निरीक्षक रस्त्यावर पेरले आणि दुसरीकडे टीव्हीवर काय दिसतंय तेही नोंदवून घेतलं. टीव्हीवर दिसला तो जल्लोषाचा महापूर. रस्त्यावरच्या लोकांना काय मिळालं? बराच वेळ ताटकळणं आणि गाडी जाताना एक ओझरती झलक. त्यातही गंमत म्हणजे कॅमेरा आपल्याकडे वळला की लोक जास्त जोरात ओरडायचे. म्हणजे टीव्हीवर दिसणारा जल्लोष काही अंशी टीव्हीसाठीच केलेला होता.

शिकागोच्या जागी लालबाग टाका. बाकी काही बदलावं लागत नाही.

बाबा लालबागमध्येच वाढले. ते म्हणतात, त्यांच्या लहानपणी ‘आगमन’ असा काही वेगळा सोहळा नव्हताच. परळच्या कारखान्यातून मूर्ती निघायची, मंडळाची पोरं हातगाडी नाहीतर ट्रॉली ढकलत रात्री आणायची, तोंडावर कापड. जेवून गॅलरीत आलेले लोक हात जोडायचे, संपलं. आता आगमनाची तारीख सिनेमाच्या रिलीजसारखी जाहीर होते. टी-शर्ट छापले जातात, पथकं ठरतात, फोटोग्राफर सकाळपासून जागा धरतात. चतुर्थीच्या आधीचे वीकेण्ड सगळे यातच जातात. लालबागच्या राजाची पहिली झलक तर चतुर्थीच्या आधी खास कॅमेऱ्यांसाठीच असते. पडदा सरकतो, फ्लॅश उडतात आणि पुढच्या काही मिनिटांत तो फोटो तुमच्या-माझ्या स्टेटसला असतो. मी नावं ठेवत नाहीये. माझ्याही होता.

आणि ‘मीडियाने सण बिघडवला’ असं म्हणणाऱ्या काकांनाही मला एक सांगायचंय. सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तोच मुळी वर्तमानपत्राच्या आधाराने. टिळकांनी ‘केसरी’तून हा उत्सव उचलून धरला नसता तर तो इतक्या लवकर इतका पसरला असता का? 1893 पासूनचा गणपती गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत आजही बसतो. मी मुद्दाम जाऊन आले. छोटी मूर्ती, चाळीतली माणसं, आरतीला पेटीवाले एक काका. रांग नाही, बाऊन्सर नाही. मी व्हिडिओ काढला आणि पोस्ट करताना माझ्याच मनात आलं, ‘याला व्ह्यूज येतील का?’ स्वतःचीच लाज वाटली थोडी.

गिरणगावात मीडिया म्हणजे फक्त पेपर नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांचा ‘मराठा’ 1956 मध्ये सुरू झाला तेव्हा तो पेपर नाक्यावर मोठ्याने वाचला जायचा. त्याच्या कितीतरी आधीपासून अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांचे कार्यक्रम कामगार वस्त्यांत गर्दी खेचत होते. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने बातम्या लिहिल्या जायच्या. आणि गणपतीत देखावे असायचे. महागाई, हुंडा, संप, जे काही वर्षभर लोकांच्या डोक्यात असेल ते पुठ्ठा, थर्माकोल आणि टेपवरच्या आवाजातून समोर यायचं. वाचता न येणारी माणसंही तिथे उभी राहून ‘बातमी’ बघायची. माझं मत विचाराल तर रीलने सगळ्यात मोठा घाव घातलाय तो देखाव्यावर. देखाव्यासमोर दहा मिनिटं थांबावं लागतं. मुखडा तीन सेकंदांत मावतो.

आता जे सांगायचंय ते मला जरा जड जातंय. मी सध्या इंटर्नशिप करतेय (कुठे ते राहू दे). आगमनावर दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा होता. मी गर्दीचे शॉट घेतले आणि मागच्या चाळीत जाऊन एका आजोबांशी बोलले. सत्तरी ओलांडलेले, गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यातले एक. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजोबा म्हणाले, ‘म्हणजे बघ, हिशोबाने मी अजून संपावरच आहे.’ आणि स्वतःच हसले. मग त्या वर्षीच्या गणपतीबद्दल बोलले. वर्गणी द्यायला कुणाकडे पैसे नव्हते. मंडळाने कुणाच्या दारात पावती पुस्तक नेलं नाही. ज्याला जमेल त्याने तांदूळ दिले. ‘मूर्ती लहान होती, पण सगळे होतो,’ इतकं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. खिडकीतून टॉवर दिसतो.

माझ्याकडे त्यांचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. एडिटला बसलेल्या दादाने ते नीट ऐकलं, हे सांगायला हवं. मग म्हणाला, ‘आजोबा भारी आहेत गं, पण लोक स्क्रोल करतील.’ तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्याकडे आकडे होते, माझ्याकडे फक्त आजोबा. आधी चाळीस सेकंद ठेवले, मग पंधरा, मग ‘मूर्ती लहान होती’ एवढाच तुकडा. शेवटच्या कटमध्ये तोही गेला. व्हिडिओ चालला. माझ्या आतापर्यंतच्या कामात सर्वात जास्त बघितला गेलेला तोच आहे.

लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात वृत्तवाहिन्यांची ऑफिसं थाटली गेली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. जिथे भोंग्यावर पाळी बदलायची तिथून ब्रेकिंग न्यूज सुटायला लागली. परळ-लालबाग एवढं कॅमेऱ्याच्या जवळ कधीच नव्हतं. पण गेल्या वर्षी, 2025 च्या विसर्जनाला, लालबागचा राजा शनिवारी सकाळी निघाला. गिरगाव चौपाटीवर भरती आणि नव्या तराफ्याचं गणित जमेना आणि विसर्जन व्हायला रविवारची रात्र उजाडली. तेव्हा वाहिन्या तासन् तास तिथून हलल्या नाहीत. स्टुडिओत चर्चा, चौकटीत समुद्र, खाली पट्टी. थांबायचं ठरवलं तर थांबता येतं, एवढं मला तेव्हा कळलं. कशासाठी थांबायचं हे कुणीतरी ठरवत असतं आणि आता त्या ‘कुणीतरी’त, अगदी तळाच्या पायरीवर का होईना, मीही बसते.

आजोबांनी नंतर दोनदा फोन केला. ‘कधी लागणार बाय ते? मुलीला पुण्याला कळवायचंय.’ पहिल्या वेळी मी ‘बघते’ म्हणाले. दुसऱ्या वेळी खरं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘बरं. मग तू गणपतीत ये, मोदक खायला ये. आणि तो मोठा व्हिडिओ घेऊन ये, इथेच टीव्हीला लावू.’

पेन ड्राइव्हवर टाकून ठेवलाय. पूर्ण अकरा मिनिटं.