रिपोर्टमधली रिकामी चौकट

मी रेडिओलॉजिस्ट आहे. आज बोलू एमआरआय रिपोर्टच्या ठरलेल्या साच्याबद्दल, म्हणजे टेम्प्लेटबद्दल.

सुरुवातीच्या काळात मी रेक्टमच्या, म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरचा एक रिपोर्ट दिला. दीड पान, सगळं सविस्तर. संध्याकाळी सर्जनचा फोन आला : "मॅडम, गाठ आवरणापासून किती लांब आहे?" मी ते पाहिलं होतं, पण लिहायचं राहिलं होतं.

गुदाशयाभोवती चरबी असते आणि चरबीबाहेर एक पातळ आवरण. सर्जन त्या आवरणाच्या कडेने सगळं काढतात. गाठ आवरणापासून 1 मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर कॅन्सर मागे राहण्याचा धोका वाढतो. मग बहुधा आधी रेडिएशन आणि केमो, नंतर ऑपरेशन. त्या रुग्णाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. ते थांबवावं लागलं.

साच्यात या आकड्याची वेगळी चौकट असते. गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर, भिंतीबाहेर किती मिलिमीटर, रक्तवाहिनीत शिरली आहे का, लिम्फ नोड कसे आहेत, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. ओळ रिकामी दिसली की हात थांबतो.

पण साचाही फसवतो. "नॉर्मल" आधीच छापलेलं असेल, तर ते न तपासता तसंच राहू शकतं. म्हणून मी चौकटी कोऱ्याच ठेवते. साच्यात न बसणारं शेवटी माझ्या शब्दांत लिहिते.

घरी कुणाचा असा रिपोर्ट आला आणि त्यात हा आकडा नसेल, तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा.