घरांतील पहिलें पाखरूं आणि त्याचा पिंजरा

राघू-मैनेवांचून आपल्या वाङ्मयाचें पान हलत नाहीं. बाणभट्टाच्या 'कादंबरी'ची कथा आपणांस एका पोपटाच्या मुखानें ऐकूं येते, आणि त्याच ग्रंथाच्या नांवावरून मराठींत एका संबंध साहित्यप्रकारास कादंबरी हें नांव मिळालें. 'शुकसप्तति'चा वक्ताहि पोपटच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत आहे. नळी फिरून तो उलटा होतो आणि सुटून जाण्याऐवजीं तीच घट्ट धरून बसतो. ग्रंथांतरीं एवढा मान मिळालेल्या ह्या पक्ष्यास प्रत्यक्ष घरांत मात्र आपण कसें वागविलें? ओसरीच्या तुळईस टांगलेला हातभर उंचीचा पिंजरा, त्यांत एक मिरची, पेरूची एक फोड, आणि जन्मभर एकच आडवी दांडी. आमच्या लहानपणीं आमच्याहि घरीं असाच एक राघू होता. तो 'विठ्ठल विठ्ठल' म्हणे, ह्याचें सर्वांस कौतुक होतें. त्यास पूर्ण पंख पसरतां येत नाहींत, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें.

गेल्या वर्षीं आमच्या नातवंडांनीं राघूचाच हट्ट धरला. जालन्याच्या आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत, आणि मातोश्रींनीं मुलांची बाजू घेतल्यामुळें बहुमत आमच्या विरुद्ध गेलें. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपला देशी पोपट धरणें, विकणें वा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. मुलांस तें समजावून सांगितलें, थोडी रडारड झाली, आणि अखेर बजी आणण्यावर तडजोड झाली.

बजी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील कोरड्या मैदानांचा रहिवासी. तेथें तो मोठ्या थव्यांनीं राहतो, आणि जिकडे पाणी व गवताचें बीं मिळेल तिकडे सारखा भटकत असतो. १८४० सालीं जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञानें कांहीं जिवंत बजी इंग्लंडांत आणले. तेव्हांपासून माणसाच्या घरीं त्याच्या पिढ्यानपिढ्या निपजत आल्या आहेत. त्याचा मूळ रंग हिरवा-पिवळा. निळे, पांढरे, जांभळट हे रंग पुढें पैदाशींत निघाले. शेपटीसह लांबी सुमारें सात इंच, वजन तीन तोळ्यांच्या आसपास. वयांत आलेल्या नराच्या नाकपुड्यांभोंवतीची मांसल पट्टी बहुधा निळी असते, मादीची तपकिरी. आपल्या बाजारांत ह्यास सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतला, आंखूड शेपटीचा आणि निराळ्या जातीचा. बजी हा आपल्या रानांतला पक्षी नसल्यामुळें त्यास पाळण्यास वरील कायद्याची आडकाठी येत नाहीं.

येथवर सर्व ठीक झालें. पुढें जी चूक झाली ती सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आम्हीं एक जोडी आणली आणि जो पिंजरा दृष्टीस सुंदर दिसला तो तिच्याबरोबर घेतला. तो गोल, घुमटाचा व सोनेरी मुलाम्याचा होता. पाखरांस माणसांची संगत असावी म्हणून तो स्वयंपाकघर आणि माजघर ह्यांमधील दारांत टांगला. सोळाव्या दिवशीं सकाळीं शेगडीवर न चिकटणारा, म्हणजे नॉनस्टिक, तवा रिकामाच तापत राहिला. सूनबाई दाराशीं दूधवाल्याकडे गेल्या होत्या. तवा जळला नाहीं, डोळ्यांस बोंचेल असा धूरहि झाला नाहीं. पण त्या परत येईपर्यंत मादी पिंजऱ्याच्या तळाशीं पडली होती आणि चोंच उघडून धापा टाकीत होती. पिंजरा अंगणांत नेला. नर तासाभरानें सांवरला, मादी गेली. धाकट्या नातीनें तिला तुळशीपाशीं पुरलें आणि त्या दिवशीं ती जेवली नाहीं. सूनबाईंनीं दोष स्वतःकडे घेतला. पण तो त्यांचा नव्हता. जागा आम्हीं निवडली होती, आणि ती निवडतांना आपली सोय व शोभा पाहिली. पक्ष्याच्या शरीराचा विचार केलाच नाहीं.

त्या शरीराची रचनाच वेगळी आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांस वायुकोश जोडलेले असतात. त्यांच्या योगानें फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनें वाहते, आणि श्वास आंत घेतांना व बाहेर सोडतांना, दोन्ही वेळीं, प्राणवायु शोषला जातो. उडण्याच्या श्रमांसाठीं निसर्गानें केलेली ही योजना. पण तिच्यामुळेंच हवेंतील विषहि तितक्याच त्वरेनें रक्तांत जातें. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, आणि ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती, तिचें कारण हेंच. न चिकटणाऱ्या भांड्यावरचा टेफ्लॉनचा थर प्रमाणाबाहेर तापला कीं त्यांतून निघणारी वाफ लहान पक्ष्यास मिनिटांत मारते. म्हणून पहिला नियम असा कीं, पिंजरा स्वयंपाकघरांत किंवा त्याच्या दाराशीं कधींहि ठेवूं नये. फोडणीचा खाट, मच्छर अगरबत्ती, सुगंधाचे फवारे, ताजा रंग हीं सर्व त्यास घातक आहेत. धूप-उदबत्तीहि त्यांतच येते. तेव्हां देवघराजवळची जागाहि नको.

मग जागा कोणती? माणसें बसतात-उठतात अशा खोलींतील कोपरा उत्तम. दोन बाजूंस भिंत असली म्हणजे पक्ष्यास पाठ राखल्यासारखें वाटतें. पिंजरा साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असावा; जमिनीवरचा पिंजरा मांजराच्या व त्याच्या स्वतःच्या भीतीच्या कक्षेंत येतो. सकाळचा उजेड यावा, पण दिवसभर ऊन किंवा वाऱ्याचा झोत नसावा. रात्रीं त्यास दहा-बारा तासांची झोंप लागते. म्हणून टेलिव्हिजनची खोली असल्यास वेळेवर पातळ सुती कापडानें पिंजरा झांकावा.

दुसरा पिंजरा आम्हीं घडवून घेतला. जालना हें सळयांचें गांव. घरें बांधण्याच्या सळया येथील कारखान्यांतून दूरदूर जातात. तेथें पाखराच्या पिंजऱ्यासाठीं कारागीर मिळण्यास अडचण कसली? जोडीसाठीं लांबी अडीच फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड ते दोन फूट असें माप धरलें. उंचीपेक्षां लांबी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. गोल पिंजऱ्यांत त्यास ना उडतां येत, ना कोपऱ्यांत विसांवतां येत. दोन गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावें, नाहीं तर मान अडकते. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, म्हणजे चोंच व पाय वापरून त्यास चढतां येतें. जस्ताचा मुलामा असलेली नवी जाळी प्रथम शिर्क्यानें घांसून, धुवून, उन्हांत वाळवावी. तिच्यावरचे जस्ताचे कण चोंचीवाटें पोटांत गेले तर विषबाधा होते. पोपडे सुटणारा रंगहि नको. तळाशीं ओढून काढतां येईल असा पत्र्याचा ट्रे करावा व त्यांत रोज वर्तमानपत्राचा नवा कागद घालावा. (मासिकांचे अंक ह्या कामीं घेऊं नयेत, अशी आमची विनंती!) स्टँडच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची युक्ति मातोश्रींची. पूर्वीं दुधाच्या जाळीच्या कपाटास जी करीत तीच, आणि मुंग्यांवर तिच्यासारखा दुसरा उपाय नाहीं.

आंतील दांड्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. पोपटवर्गीय पक्ष्याच्या पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असतात. दिवसरात्र तो त्यांवरच उभा. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर बसून त्याच्या तळव्यांस फोड येतात. म्हणून पेरूच्या, फवारा न मारलेल्या, कमीअधिक जाडीच्या फांद्या धुवून वाळवून बसवाव्यात. करंगळीपासून अंगठ्याएवढी जाडी पुरे. दाण्यापाण्याच्या वाट्या दांडीच्या नेमक्या खालीं ठेवूं नयेत, ह्याचें कारण सांगावयास नकोच. विक्रेते बहुधा एक लहान मडकेंहि देतात. पिल्लें नको असतील तर तें टांगूं नये. मडकें दिसलें कीं जोडीस घरटें सुचतें, चार-सहा अंडीं येतात, आणि सुमारें अठरा दिवसांनीं घरांत नवा प्रश्न उभा राहतो.

खाण्यांत राळे हें मुख्य, जोडीस थोडी बाजरी. त्यासह रोज कोथिंबीर, पालक, मेथी किंवा शेवग्याचा पाला द्यावा. केवळ दाण्यावर ठेवलेला पक्षी स्थूल होतो व लवकर जातो. जालन्यांतील वाचकांस येथें एक विशेष इशारा. आपलें गांव बियाण्यांचें. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं महिको ही कंपनी येथेंच काढली, आणि आजहि अनेक घरांत पेरणींतून उरलेल्या बाजरीच्या पिशव्या असतात. पेरणीच्या बियाण्यास औषध चोळलेलें असतें. तें विष आहे. त्याचा एक दाणाहि पाखरास घालूं नये. चॉकलेट, चहा, मिठाचे पदार्थ व अव्होकॅडो हींहि वर्ज्य.

दुसरी गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिनें पक्षी उपाशीं मरतात. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटींतच टाकतो. वरून पाहणारास वाटी भरलेली दिसते, आणि खालीं दाणा उरलेला नसतो. आमच्या घरीं मातोश्री रोज सकाळीं ती वाटी चिमुकल्या सुपांत पाखडतात. चुन्याच्या पुरवठ्यासाठीं काष्ठौषधींच्या दुकानांतील समुद्रफेन गजांत अडकवून ठेवावा. विलायती पक्षिपालक जें 'कटल-बोन' म्हणून विकत घेतात तें हेंच.

आमच्याकडील उन्हाळा हा स्वतंत्र विषय होईल. मे महिन्यांत येथें पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बजी कोरड्या देशांतला खरा, पण तेथें तो उडून सांवली शोधतो. पिंजऱ्यांत ती त्यास आपणच द्यावयाची. पत्र्याच्या छपराची खोली टाळावी, दिवसांतून दोन-तीनदां पाणी बदलावें, उथळ ताटलींत अंघोळीस पाणी ठेवावें, आणि खिडकीस वाळ्याचा ओला पडदा लावावा. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. पंख अंगापासून दूर धरून चोंच उघडी ठेवली, तर त्यास तत्काळ गार जागीं न्यावें.

थव्यांत राहणाऱ्या ह्या पक्ष्यास एकटेपण सोसत नाहीं, म्हणून आमच्या नरासाठीं दुसरी मादी आणली. तिला प्रथम महिनाभर वेगळ्या खोलींत ठेवलें, म्हणजे तिच्याबरोबर एखादा रोग आलाच तर तो कळावा. नव्या पक्ष्यास पहिले तीन-चार दिवस कोणीं हात लावूं नये. मुलांनीं जवळ बसून हलक्या आवाजांत बोलावें, एवढेंच. पुढें हातावर राळ्याचें कणीस धरलें कीं तो आपणहून येतो. खोलींत मोकळा सोडण्यापूर्वीं छताचा पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आरशावर कापड, बादलीवर झांकण, ही उजळणी आमचा नातू मोठ्यानें म्हणतो आणि मगच दार उघडतो. पिंजरा साफ केल्यावर साबणानें हात धुवावेत. पोपटज्वर हा रोग पक्ष्यांकडून माणसांस होतो, आणि १९२९-३० सालीं त्याची सांथ अनेक देशांत पसरली होती.

आजारी पक्षी आजार लपवितो. पिसें फुगवून तो तळाशीं बसून राहिला, तर घरगुती उपचारांत दिवस घालवूं नयेत, पशुवैद्याकडे न्यावें. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, व जालन्याहून तेथें थेट रेल्वेनें जातां येतें.

जो पक्षी नीट राखल्यास पांच ते दहा वर्षें आपल्या घरांत राहावयाचा, त्याच्यासाठीं चार दिवसांची पूर्वतयारी कांहीं फार नव्हे. पिंजरा आधीं करावा, आठ दिवस त्याची जागा पाहावी, तेथें धूर येतो काय, ऊन किती वेळ राहतें, मांजर पोहोंचतें काय ह्याची खात्री करावी, आणि मग पक्षी आणावा. आम्हीं तें उलट केलें. तुळशीपाशीं नातीनें ठेवलेला वाटोळा दगड अजून तेथें आहे. आम्हीं तो हलवूं दिलेला नाहीं.