धर्मसेवा सोडल्यानंतरचा थकवा

‘डॉक्टर, झोप लागत नाही. प्रार्थनेला बसलो की शब्द सुचत नाहीत. देवाने मला टाकले काय?’ अनेक वर्षे मंडळीची धुरा वाहून पाळकपद सोडलेला माणूस असे म्हणाला, की ‘विश्वास कमी पडला’ असे सांगून लोक मोकळे होतात. वाचकहो, विश्वासाची परीक्षा घेण्याआधी प्रकृतीची तपासणी करावी.

रविवारचा उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, दफनविधी, मंडळीतले तंटे हे पाळकाचे काम. सर्वांचे दुःख ऐकायचे, स्वतःचे कोणाला सांगायचे नाही. आमच्या निजामपुऱ्यात यंत्रमागसुद्धा तेलपाण्यासाठी थांबवतात, हा माणूस मात्र थांबत नाही. अशा ताणातून येणाऱ्या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. संघटना हिला रोग मानत नाही, कामाशी निगडित अवस्था मानते.

पद सोडताच बरे वाटेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. काम, मिळकत, मान, मित्र, कधी राहते घरही एकदम सुटते. शिवाय प्रार्थना ही कामाचाच भाग झालेली असते. कामाचा वीट आला की तिचाही येतो.

पद सोडणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांना हा त्रास होता असे मी म्हणत नाही. पण नोकरी सुटली तरी भक्ती राहू शकते, एवढे त्यातून दिसते.

प्रथम रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड व बी-१२ तपासून घ्यावे. यांच्या बिघाडानेही थकवा येतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच गोडी नसणे, झोप व भूक बिघडणे असे असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर औषधे व समुपदेशन आहे. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नये. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, रुग्णाला एकटे ठेवू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

ठरावीक वेळी झोप, रोज अर्धा तास चालणे आणि जुन्या मंडळीबाहेरचा एखादा विश्वासू स्नेही, एवढे पथ्य पाळावे. घरच्यांनी वचने ऐकवण्यापेक्षा त्याचे ऐकून घ्यावे. थकलेल्या मनाने श्रद्धेविषयी कायमचा निर्णय घेऊ नये. आधी झोप आणि भूक परत येऊ द्यावी.