शाळेत जायला शूर असावं लागतं का?

आपल्या भागातल्या कुठल्याही दहा-बारा वर्षांच्या मुलीला शूर बाईचं नाव विचारून पाहा. कन्नड शाळेतली असेल तर कित्तूरची राणी चन्नम्मा नाहीतर चित्रदुर्गची ओबव्वा सांगेल. मराठी शाळेतली असेल तर ताराराणी आणि झाशीची राणी. घरात दोन्ही भाषा नांदत असतील तर चारही नावं एका दमात येतात. त्यातही ओबव्वा मुलांची लाडकी, कारण तिच्या हातात तलवार नाही, ओनके आहे, म्हणजे आपलं मुसळ. नवरा जेवायला बसला असताना पाण्याला गेलेली ही पहारेकऱ्याची बायको किल्ल्याच्या भगदाडातून शिरणाऱ्या हैदरअलीच्या शिपायांना एकटी सामोरी जाते, हे ऐकताना माझ्या मुलांनी कितीदा तरी घास हातातच धरून ठेवला असेल.

या गोष्टी सांगाव्यातच. पण त्यांत शत्रू नेहमी बाहेरून येतो. घरातलंच कुणी प्रेमाने म्हणालं, ‘‘पुरे झाली आता शाळा,’’ तर काय करायचं, ते यातली एकही राणी सांगत नाही.

हा विचार डोक्यात आला तो बऱ्हाणपूरला. माझी धाकटी बहीण तिथे शनवाऱ्यात दिलेली आहे. जुन्या कोटाचा शनवारा दरवाजा तिच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. नाव ऐकून मला पहिल्यांदा बेळगावचं शनिवार खूटच आठवलं होतं! रावेरच्या केळीच्या बागा मागे टाकल्या की मध्य प्रदेश लागतो, आणि तिथलं मराठी घर म्हणजे आपल्यासारखंच दोन भाषांचं. आपल्याकडे कन्नड, तिथे हिंदी, एवढाच फरक. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, अगदी इचलकरंजीत असल्यासारखा.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा भाचरांसाठी डेबोरा एलिस या कॅनडाच्या लेखिकेचं ‘द ब्रेडविनर’ नेलं होतं. मूळ पुस्तक २००० सालचं, मराठीत ते अपर्णा वेलणकरांनी आणलं आहे. काबूलमधली अकरा वर्षांची परवाना. तालिबानने मुलींच्या शाळा बंद केल्या आहेत, वडिलांना पकडून नेलं आहे, बाईमाणसाला एकटीने बाहेर पडायची बंदी. मग घर चालवायला ती केस कापते, मेलेल्या भावाचे कपडे घालते आणि मुलगा बनून बाजारात बसते. तिथे ती करते काय, तर लोकांची पत्रं वाचून दाखवते आणि लिहून देते. तिला आलेल्या अक्षरांवर घरात भाकरी येते. संध्याकाळी ओट्यावर मी थोडं थोडं वाचत असे आणि शेजारपाजारची पोरंही येऊन बसत.

त्यांत आठवीतली एक मुलगी होती. केस कापायचा प्रसंग वाचून झाल्यावर बाकीची पोरं ‘‘काय डेरिंग!’’ म्हणाली. ती मात्र म्हणाली, ‘‘मावशी, शाळा चालूच असती तर तिला एवढं शूर व्हावं लागलंच नसतं ना?’’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्री बहिणीने सांगितलं, की आठवी झाली की हिला घरी बसवायचं घाटत आहे. घरी माग आहे, कांड्या भरायला हात हवाच असतो.

बऱ्हाणपूरची गोष्ट निघाली की सगळे मुमताज महलच सांगतात. चौदाव्या बाळंतपणात १६३१ साली ती इथे गेली आणि आग्र्याच्या ताजमहालाआधी तिची पहिली कबर तापीपलीकडे झैनाबादला होती. पण त्या वेळी सतरा वर्षांची असलेली तिची थोरली लेक जहाँआरा कुणाच्या गोष्टीत येत नाही. सती-उन-निसा या विदुषीच्या हाताखाली ती शिकली, आई गेल्यावर बादशहाच्या जनानखान्याची जबाबदारी तिच्यावर आली आणि पुढे तिने ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचं चरित्र फारसीत लिहिलं. बऱ्हाणपूरच्या मुलांना ही लिहिणारी शहाजादी कुणी तरी सांगायला हवी. अर्थात तिला शिक्षण मिळालं ते बादशहाची लेक म्हणून. हक्क ही गोष्ट वेगळी.

हक्काची भाषा बोलली ती पुण्यातली एक शाळकरी मुलगी. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली. पुढे फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ने छापला. वय अवघं चौदाच्या आसपास. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचीच मनाई, त्यांचा धर्म कुठला, असं ती सरळ देवाला विचारते. मला विचाराल तर मराठीतल्या सगळ्यात शूर मुलीची गोष्ट ही आहे. फुले दांपत्याच्या पाठात ती एखाद्या ओळीत उरकली जाते. कुणा लेखकाने मुक्ताला मध्यभागी ठेवून मुलांसाठी चांगली जाडजूड कादंबरी लिहावी. तिचा वर्ग, तिची पाटी, शाळेला जायची वाट, सगळं त्यात यावं. आणि तिचं कन्नड भाषांतरही व्हावं.

आता कायद्याचं. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. देशाला मात्र २००२ च्या घटनादुरुस्तीची आणि २००९ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असंही त्यात लिहिलेलं आहे, ते दुभाषी घरांनी लक्षात ठेवण्याजोगं. पण मेख आहे ती चौदा या आकड्यात. आठवीनंतर मुलीला घरी बसवलं तर हा कायदा काही बोलत नाही. नेमकं तिथेच तर आपल्याकडे वय झालं, लांब पडतं, घरी काम आहे, हे सुरू होतं. मुक्ताने निबंध लिहिला त्याच वयात आपल्या मुलींचा हक्क संपतो! अफगाणिस्तानात २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि सहावीपुढच्या शाळा मुलींना पुन्हा बंद झाल्या. ते वाचून आपण हळहळतो. आपल्या गल्लीत कुणी हुकूम काढत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बहीण आणि मी त्या मुलीच्या आईकडे जाऊन बसलो. कायदा काढला नाही. मी त्यांना सुधा मूर्तींच्या आज्जीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे ती पुष्कळांना ठाऊक असेल. उत्तर कर्नाटकातलं खेडं. आज्जी दर आठवड्याला ‘कर्मवीर’ साप्ताहिकातली त्रिवेणींची ‘काशीयात्रे’ ही कादंबरी नातीकडून वाचून घ्यायची. नात लग्नाला गेली, तेव्हा अंक हातात असून आज्जीला एक अक्षर लागेना. त्या लाजेने रडली आणि बासष्टाव्या वर्षी पाटी घेऊन दसऱ्यापर्यंत वाचायला शिकली. मग गुरू म्हणून नातीच्याच पाया पडली.

त्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘शिकवायला नाही कोण म्हणतं ताई? थंडीच्या दिवसांत सुटेपर्यंत अंधारून येतं. एकटी कशी येईल?’’ म्हणजे अडलं होतं ते रस्त्यावर. कांड्यांचं कारण सांगायला सोपं, म्हणून ते पुढे केलेलं. गल्लीतल्या आणखी दोन मुली नववीत जाणार होत्या. तिघींनी मिळून जायचं-यायचं, असं त्या ओट्यावरच ठरलं.

नव्या वर्षाला बहिणीचा फोन आला, नाव घातलं म्हणून. सकाळी कांड्या भरूनच ती शाळेला जाते, तेवढं सुटलेलं नाही. ‘द ब्रेडविनर’ तिने स्वतः एकदा वाचून पुढच्या भागांची चौकशी केली आहे. ते मिळाले की बऱ्हाणपूरच्या पत्त्यावर पाठवणार आहे.