राजधानीला वेढणारा जिल्हा

हैदराबादेत तीन-चार पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांत ‘रंगारेड्डी’ हे नाव नित्य कानी पडते. कोणी तेथे भूखंड घेतलेला असतो, कोणाचे रुग्णालय तेथे उभे राहिलेले असते. मात्र या जिल्ह्याचे आणि आपल्या शहराचे नाते नेमके काय आहे, याचा विचार आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी क्वचितच केला असेल. गेली काही वर्षे सहकाऱ्यांसमवेत तेथील वस्त्यांवर रुग्णतपासणीस जात असताना मला जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

१५ ऑगस्ट १९७८ रोजी जुन्या हैदराबाद जिल्ह्याचा ग्रामीण भाग वेगळा काढून हा जिल्हा निर्माण झाला. आंध्र प्रदेशचे उपमुख्यमंत्रिपद भूषविलेले तेलंगणाचे नेते कोंडा वेंकट रंगारेड्डी यांचे नाव त्यास देण्यात आले. नकाशात तो शहराला जवळजवळ चोहोबाजूंनी वेढून होता. परंतु त्याची मुख्य कचेरी मात्र २०२२ पर्यंत शहरातच राहिली. तांदूरसारख्या दूरच्या भागातील शेतकऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात यावे लागे.

या प्रदेशाने शहराला काय दिले, ते पाहू. अनंतगिरीच्या टेकड्यांत मुसी नदी उगम पावते. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात तिने हजारो बळी घेतले. त्यानंतर निजाम सरकारने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे हे नाव महाराष्ट्रालाही परिचित आहे. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. पूर आवरला गेला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. आज कृष्णा, मंजिरा व गोदावरीचे पाणी शहरास येत असले, तरी कित्येक दशके आपल्या वाडवडिलांची तहान याच तळ्यांनी भागविली. त्याच अनंतगिरीवर निजामकाळात क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. औषधे हाती नसलेल्या त्या काळात तेथील स्वच्छ हवा हाच रुग्णांचा मोठा आधार होता.

आपल्या व्यवसायाशी निगडित आणखी एक गोष्ट. १९९७ साली बाजारात आलेली कावीळ ‘बी’ची पहिली भारतीय पुनर्संयोजित लस तेव्हाच्या याच जिल्ह्यातील मेडचल परिसरात तयार झाली. शामीरपेटजवळच्या जीनोम व्हॅलीतून पुढे ‘रोटाव्हॅक’ व ‘कोव्हॅक्सिन’ या लसी आल्या. देशभरातील बालकांना टोचली जाणारी लस जेथे बनते, तेथल्याच वीटभट्टीवरील मूल लसीवाचून राहते, हा विरोधाभास मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

शहराने या प्रदेशाला परत काय दिले? जवाहरनगरचा कचऱ्याचा डोंगर दिला आणि शहराचे सांडपाणी वाहून नेणारी मुसी दिली. त्या पाण्यावर नदीकाठी गवत व भाजीपाला पिकतो. गवत खाणाऱ्या म्हशींचे दूध आणि ती भाजी पुन्हा शहरातच येते. अशा पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या शेतकऱ्यांत अंकुशकृमीचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. रक्तक्षयाच्या रुग्णाला पाहताच तो राहतो कोठे आणि काम काय करतो, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

जिल्ह्याची सीमाही स्थिर राहिली नाही. २००७ साली त्यातील दहा नगरपालिका बृहत् हैदराबाद महापालिकेत गेल्या. २०१६ साली जिल्ह्याचे तीन भाग झाले व विकाराबाद आणि मेडचल-मलकाजगिरी हे जिल्हे वेगळे निघाले. डिसेंबर २०२५ मध्ये बाह्यवर्तुळ मार्गाच्या आतील व लगतच्या आणखी २७ नागरी संस्था महापालिकेत विलीन झाल्या. जमिनीच्या भावाच्या दृष्टीने ही बातमी आनंदाची. आरोग्याच्या दृष्टीने ती गुंतागुंतीची आहे. ग्रामीण भागात, सपाट प्रदेशात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा दंडक आहे. शहरी केंद्राचे माप साधारण ५०,००० चे. गाव कागदोपत्री ‘शहर’ झाले की माप बदलते. वस्ती मात्र आहे तेथेच असते. ग्रामीण रोजगार हमीचे कामही बंद होते.

यात सर्वांत हाल होतात ते ओडिशातून वीटभट्ट्यांवर आणि आपल्या मराठवाड्यातून बांधकामांवर येणाऱ्या मजुरांचे. एका भट्टीवर सात महिन्यांची गरोदर बाई भेटली. एका केंद्राने तिला ‘तुमची भट्टी पंचायतीत येते’ म्हणून परत पाठविले होते. दुसऱ्याने ‘ती आता नगरपालिकेत गेली’ असे सांगितले. तिचे हिमोग्लोबिन सहा ग्रॅम होते. सीमारेषेचा हा वाद तिच्या जिवावर बेतू शकला असता. आमच्या गटातील एका भगिनीने तिला सोबत नेऊन शहरातील रुग्णालयात दाखल केले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

एप्रिल १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे वर्ध्याहून पायी चालत सर्वोदय संमेलनासाठी शिवरामपल्लीस आले, ते गाव याच प्रदेशातले. तेथून पुढे जाऊन १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना भूदानाचा मार्ग सापडला. आज शिवरामपल्ली शहरात मिसळून गेली आहे. भूमिहीनांचा प्रश्न घेऊन एक मराठी माणूस येथे पायी आला होता. आपल्याला तर मोटारीने तासाभराचेच अंतर आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. महिन्यातील एक ठरावीक रविवार एकाच भट्टी-परिसरासाठी राखून ठेवावा. ठिकाण बदलू नये, कारण पाठपुराव्याविना तपासणी व्यर्थ ठरते. प्रत्येक गरोदर स्त्री व बालकाजवळ तपासणी आणि लसीकरणाची लेखी नोंद द्यावी. मराठी मजुरांना ती मराठीत समजावून सांगावी. क्षयरुग्ण गावी परतणार असेल, तर त्याचा ‘निक्षय’ क्रमांक त्याच्या हाती देऊनच निरोप द्यावा, म्हणजे नांदेडला वा बलांगीरला उपचार खंडित होणार नाहीत. यास मोठा निधी लागणार नाही. आठ-दहा सभासदांनी आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवली, तरी येत्या वीटभट्टीच्या हंगामापासून आरंभ करता येईल.